छपराची शिकवणी

"मोज," चाचा म्हणाले.

मी मागच्या सीटवर बसून मोजायला लागले. एक, दोन, तीन. डोक्यावरची काच मागच्या बाजूने दोन बोटं उचलली गेली आणि थांबली. चार, पाच, सहा. चाचांच्या डाव्या हाताचं बोट आरशाशेजारच्या बटणावर होतं आणि उजवा तळवा छताला टेकलेला, आतल्या तारांची हालचाल कळावी म्हणून. सात, आठ. दहाला काचेने एक हिसका द्यायचा, मग आपली आपण पार मागे जायचं आणि परत पुढे येऊन मिटायचं, असा कायदा. नऊला आत काहीतरी टकटकलं आणि सगळं जागच्या जागी थंड झालं.

"किती?"

"नऊ."

"परत."

त्या गुरुवारची ही चौदावी खेप. मिरजेच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलचं ऊन असं काही तापलं होतं की गाडीच्या आत बसणं म्हणजे शिक्षाच. पण चाचा हलायला तयार नव्हते, आणि ते हलत नाहीत म्हटल्यावर मीही नाही.

दस्तगीर शिकलगार हे त्यांचं पूर्ण नाव. गावाला ते वस्ताद, मला चाचा. मोटारींच्या वायरिंगचं काम करण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती, आणि त्यातली शेवटची नऊ माझ्या देखत. मी महानंदा. आयटीआय करून बाहेर पडले तेव्हा सहा गॅरेजवाल्यांनी मला "लेडीजला आम्ही बसवायचं कुठं?" असं विचारून परत पाठवलं होतं. चाचांनी एकच प्रश्न विचारला, "शॉक बसला तर पयल्यांदा काय करशील?" मी म्हटलं, "ओरडेन." ते म्हणाले, "खरं बोलतीस. उद्यापासनं ये."

गाडी होती मगदूमअण्णांची. अण्णा सांगलीतले हळदीचे व्यापारी, चाचांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. उंचीला बेताचे. सौद्याच्या गर्दीत पोत्यांच्या थप्प्यांपलीकडचं काही दिसत नाही म्हणून त्यांनी छताला उघडणारी काच असलेली गाडी घेतली, आणि तिच्या सीटवर उभं राहून, अर्धं अंग बाहेर काढून ते सौदा बघायचे. अख्खा हंगाम काच उघडी. काचेच्या दोन्ही पन्हळींत हळद बसली, ग्रीसमध्ये कालवली गेली, आणि एक दिवस काच चार बोटं उघडी राहून जी अडकली ती अडकलीच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, सगळं छप्परच बदलावं लागेल, महिना लागेल. अण्णांकडे महिना नव्हता. सात महिन्यांच्या गरोदर लेकीला बाळंतपणासाठी हैदराबादहून आणायला त्यांना शनिवारी पहाटे निघायचं होतं.

"शुक्रवारी संध्याकाळी न्या," चाचा त्यांना म्हणाले होते. चाचांनी दिलेली वेळ चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

काम त्यांनी सुरेख केलं होतं. पन्हळी साफ केल्या तेव्हा कोपरापर्यंत पिवळे झाले, हळद लागलेल्या नवरदेवासारखे. काच सरकवणारी मोटार खोलून, पुसून, काच बरोबर मिटलेल्या जागी आणून पुन्हा बसवली. राहिली होती ती फक्त शिकवणी. हा शब्द चाचांचा. ही मोटार एकदा काढली की आपली जागा विसरते. छप्पर कुठे उघडतं, कुठे मिटतं, तिला काही ठाऊक नसतं. मग बटण दाबून धरायचं आणि तिला एक पूर्ण फेरी मारू द्यायची. त्या अर्ध्या मिनिटात बोट क्षणभरही उचललं गेलं की ती शिकलेलं सगळं टाकून देते आणि पहिल्यापासून सुरुवात.

एवढं सोपं काम. आणि तेच होत नव्हतं.

"मी दाबून बघू का?" मी विचारलं.

"तू खोललीस का?"

"नाही."

"मग?"

आमच्या शेडचा हा नियम होता. ज्याने काम उघडलं, त्यानेच ते मिटवायचं. मध्ये दुसऱ्याचा हात नाही. फार वर्षांपूर्वी एका ट्रकच्या कामात दोघांचे हात लागले, एकाला वाटलं दुसऱ्याने वायर जोडली, आणि ट्रकचे दिवे घाटात गेले. जीव कुणाचा गेला नाही, पण चाचांनी तेव्हापासून कुणाच्या अर्ध्या कामाला कुणाला शिवू दिलं नाही. मला नियम मान्य होता. नऊ वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता.

दिवेलागणीला चाचा गाडीतून उतरले, बादलीत हात खळबळले आणि म्हणाले, "नंदा, उद्या हे चाललं न्हाई तर ही माझी शेवटची गाडी."

मी हसले. "एका छपरासाठी?"

"छपरासाठी न्हाई."

ते हसले नाहीत. शेडची कुलपं लावून निघून गेले, आणि मला रात्री जेवण गोड लागलं नाही. चाचा नसलेली शेड ही कल्पनाच मी कधी केली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मीच सुचवलं, की बटणाच्या वायरीला तपासणीचा बल्ब लावू. बटण दाबलंय तोवर बल्ब पेटेल. करंट कुठे तुटतोय ते तरी कळेल. चाचांना ते पटलं. मी बल्ब मागच्या सीटवर घेऊन बसले. चाचांनी बटण दाबलं. बल्ब पेटला, काच उचलली गेली. सात, आठ, नऊ. बल्ब लुकलुकला आणि काच थांबली.

"तुटतोय!" मी ओरडले. "चाचा, बटणातच तुटतोय!"

त्यांचा चेहरा उजळला. "मग बटण गेलंय. मोटार न्हाई, बटण!"

त्यांनी बटण काढलं, आतले पत्रे घासून लख्ख केले, मागचं कनेक्टर बसवलं, दोनदा अंगठ्याने दाबून बघितलं. पुन्हा मोजलं. पुन्हा नऊला बल्ब लुकलुकला. मी कोल्हापूरला दोन दुकानांत फोन लावले. नवीन बटण मंगळवारच्या आधी मिळणार नव्हतं. तोवर एक वाजत आला. जुम्याचा दिवस. चाचांनी हात-पाय धुतले, टोपी घातली आणि मशिदीकडे चालायला लागले. पाठीमागून ते एकदम म्हातारे दिसले मला.

मी डबा उघडला, आणि परत बंद केला. बल्ब अजून वायरीला लटकत होता. बटणातला दोष नेमका कितव्या सेकंदाला येतो, तेवढं तरी नीट बघावं, अशी मी माझीच समजूत घातली. खरं सांगायचं तर नियम मोडायला मला एक निमित्त हवं होतं.

पुढच्या सीटवर बसून मी बटण दाबलं.

काच उचलली गेली. आठ, नऊ, दहा. हिसका बसला. काच सरसर मागे गेली, डोक्यावर पत्र्यातलं उन्हाचं भोक दिसलं, मग काच पुढे आली आणि ओठ मिटावेत तशी मिटली. बल्ब पापणी न लवता जळत राहिला होता. मी बोट काढलं आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवता वाजवताच माझे हात थांबले. बटण चांगलं होतं. मोटार चांगली होती. वायरी चांगल्या होत्या. बदललं होतं ते फक्त बोट.

आणि मग एकेक दिसायला लागलं. गेले सहा-आठ महिने चाचांचा डावा हात पँटच्या खिशात असायचा; मला वाटायचं, म्हातारपणी रुबाब सुचला. चहाचा ग्लास ते डाव्या हातात घेतच नव्हते. वायरी झाळण्याचं काम मला दिलं होतं, "तुझी नजर चांगली" म्हणून. काम चालू असताना दोन्ही हात त्यांच्या हुकमात असायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण हात एका जागी थांबवून धरला, की आठ-नऊ सेकंदांनी तो थरथरत असणार. अगदी बारीक. बटणावरून केसभर उचलला जाईल इतकाच.

एवढ्यात चाचा परत आले.

"झालं," मी म्हटलं, आणि काच उघडून मिटवून दाखवली.

ते काचेकडे बघत राहिले. नियम मोडला म्हणून ओरडतील, याची मी वाट बघत होते. ते ओरडले नाहीत. "कसं काय?" एवढंच विचारलं.

आयुष्यभर वायरींची टोकं सांभाळणाऱ्या माणसाला तुमचा हात थरथरतो म्हणून कसं सांगायचं? जे पहिलं सुचलं ते मी बोलून गेले.

"बटणामागचं कनेक्टर अर्धंच बसलं होतं. मी दाबलं, लागलं."

"अर्धंच?"

"हो."

"मी बसवलेलं?"

"होतं हो चाचा कधी कधी."

मला वाटलं, मोठी हुशारी केली. ते आत गेले, स्टुलावर बसले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले तर हत्यारांची पेटी पुढ्यात उघडी होती, आणि एकेक पकड, एकेक पाना फडक्याने पुसून ते त्यात लावत होते.

"मगदूम आलं की गाडी दे," ते म्हणाले. "सोमवारपासनं शेड तू बघ. मी येणार न्हाई."

"काय बोलता चाचा! काम झालं की!"

"झालं. तू केलंस."

"एवढ्याशा कनेक्टरवरून?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "माझा बाप कात्र्यांना धार लावायचा. पेठेतले सगळे शिंपी त्याच्याकडं. साठी झाली आणि एक दिवस कात्रीचा स्क्रू लावायचाच विसरला. सगळी हसली. वर्षानं तो घराचा रस्ता विसरला. शेवटी शेवटी मला 'भाईसाब' म्हणायचा. विचारायचा, भाईसाब, माझा दस्तगीर कुठं दिसला का?"

मी चहाचे ग्लास हातात घेऊन तशीच उभी.

"मला एकसष्ट लागलंय. गेले सहा महिने, हातातली कामं अडाय लागल्यापासनं, रोज सकाळी उठलो की अंथरुणातच वायरींचे रंग म्हणतो. कुठला रंग कुठं जातो. एक जरी चुकला तर कळावं म्हणून. अजून एक बी चुकला नव्हता." ते थांबले. "नंदा, ते कनेक्टर मी दोनदा दाबलेलं मला आठवतंय. टक असा आवाज आलेला आठवतोय. म्हणजे विसरणं तर लांबच. आता न झालेलं बी मला आठवाय लागलंय."

ज्याला जपायला म्हणून मी खोटं बोलले, त्याच्या नेमक्या मर्मावर मी बोट ठेवलं होतं. ग्लास खाली ठेवून मी त्यांच्या समोर जमिनीवरच बसले.

"चाचा, मी खोटं बोलले. कनेक्टर बसलेलं होतं. पूर्ण बसलेलं होतं. मी हातही लावला नाही त्याला. तुमचा डावा हात थरथरतो. बटणावरून बोट सुटतं. एवढंच आहे."

त्यांनी माझ्याकडे मायेने बघितलं, लहान पोरीकडे बघावं तसं. "हात जरासा हलतो ते मला ठाव हाय. त्यानं काम अडत न्हाई. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस."

"आईची शपथ!"

"शपथ कशाला घालतीस? जाऊ दे की."

आता माझं खोटं त्यांना खरं वाटत होतं आणि खरं खोटं. रडू आवरत नव्हतं, आणि त्याचाच मला रागही आला. मी उठले, गाडीत शिरले, मोटारीची पिन उपसून काढली आणि परत बसवली. शिकलेलं सगळं पुसलं गेलं. मग मी बाहेर येऊन त्यांच्या दंडाला धरून त्यांना अक्षरशः ओढतच नेलं. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी वागले नव्हते.

"बसा. दाबा. डाव्या हाताने. आणि बोटाकडे बघू नका, बल्बकडे बघा."

मी बल्ब त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आठ, नऊ. लुकलुक. काच थांबली.

"आता उजव्याने."

"उजवा पोचत न्हाई सरळ."

"मग वळून बसा. वाकडे बसा. पण उजव्याने."

ते अंग पिळून वळले आणि उजव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं. मी मोजत नव्हते; ते स्वतःच पुटपुटत होते. सात. आठ. नऊ. दहा. हिसका. काच मागे निघाली. चाचांच्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला तरी त्यांनी तो पुसला नाही. काच पार मागे गेली, थांबली, पुढे आली, मिटली. बल्ब एकदाही लुकलुकला नाही. मिटल्यावरही त्यांनी बोट काढलं नव्हतं.

"काढा आता," मी म्हटलं.

त्यांनी बोट काढलं. मग डावा हात तोंडासमोर धरला, बोटं पसरून. आम्ही दोघंही बघत होतो. काही क्षण तो स्थिर होता. मग करंगळीशेजारच्या बोटाला बारीक कंप सुटला, तो अंगठ्यापर्यंत गेला आणि सगळा पंजा हलायला लागला.

"म्हणजे कनेक्टर बसलेलं होतं," चाचा म्हणाले.

"होतं."

"टक झालेलं."

"झालेलं."

ते त्या हाताकडे बघत म्हणाले, "तू होय रे चोर! आणि मी सहा महिने डोक्यावर आळ घेतोय!" आणि हसायला लागले. स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसले, इतके की मला ते रडताहेत की काय असं वाटलं. थोडे रडलेही असतील. मी तर उघड उघडच रडत होते.

पाच वाजता मगदूमअण्णा आले. चार वेळा काच उघडून मिटवून बघितली, पाचव्यांदा सीटवर चढून डोकं बाहेर काढलं आणि वरूनच विचारलं, "वस्ताद, बिघाड होता कुठं म्हणायचा?"

मी घाईघाईने काहीतरी बोलणार होते. चाचांनी मला थांबवलं.

"हळद तर होतीच," ते म्हणाले, आणि डावा हात वर करून दाखवला. "आणि हा. ह्यो थरथरतोय. गाडीचं सगळं बरोबर हाय."

अण्णा खाली उतरले, तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "पोरीला घेऊन येतो. तिला दाखवतो तुमचं काम." आणि गाडी घेऊन गेले.

सोमवारी मी चाचांना दवाखान्यात नेलं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर तीन होते, आणि हा माणूस सहा महिने हात खिशात घालून त्यांच्या दारांवरून जात होता. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी चाचांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, हात मांडीवर ठेवून बसायला लावलं. बऱ्याच गोष्टी विचारल्या, वार, तारीख, घरातल्यांची नावं, शंभरातून सात वजा करत मागे येणं. चाचांनी ते असं धडाधडा केलं की डॉक्टरच मध्ये म्हणाले, "बास, बास."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. कंपवात. पूर्ण बरा होत नाही, गोळ्यांनी सांभाळता येतो, हळूहळू वाढत जातो. मी खाली मान घालून ऐकत होते. पुढे काय काय वाढून ठेवलंय, ते मला दिसायला लागलं होतं.

"ह्यात माणूस विसरतो का?" चाचांनी विचारलं.

"पुढचं आज कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आत्ता तुमच्या डोक्यात काहीही दोष नाही. तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे."

"लिहून द्याल?"

डॉक्टरांना वाटलं चाचा थट्टा करताहेत. मी म्हटलं, "द्या हो डॉक्टर." त्यांनी चिठ्ठीच्या खालच्या बाजूला एक ओळ लिहून दिली. चाचांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. उजव्या हाताने.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ते थकून कुठेतरी टेकतील. ते तडक रस्ता ओलांडून समोरच्या मिठाईच्या दुकानात शिरले आणि पाव किलो पेढे घेऊन आले. पुडा डाव्या हातात उघडाच धरला होता, आणि पुड्याचा कागद वाजत होता. पहिला पेढा मला दिला. दुसरा त्यांनी दवाखान्याच्या दारातल्या वॉचमनपुढे धरला.

वॉचमनने हसत पेढा घेतला आणि विचारलं, "काय चाचा, नातू झाला काय?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "नुसता हातच गेलाय म्हणाले. घ्या, आणखी एक घ्या."